पॉइंट गार्ड व्हायचंय? चोवीस सेकंदांचा हिशेब आधी शिका

बास्केटबॉलच्या संघात उंचीने कमी असलेल्या मुलाला किंवा मुलीला शाळेतच पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेऊन डाव ठरवणाऱ्याच्या जागेवर, उभं केलं जातं आणि पहिली दोन वर्षं जातात पायांमधून, पाठीमागून बॉल फिरवायला शिकण्यात. ते यायला हवंच, पण या जागेवर पोट भरतं ते वेळेच्या हिशेबावर. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे एका हल्ल्याला 24 सेकंद मिळतात. त्यातल्या पहिल्या 8 सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. आपला शॉट रिंगला लागून परत आपल्याच हाती आला, तर घड्याळ 14 वर येतं. नवखा गार्ड पलीकडे रमतगमत पोहोचतो, हात वर करून सेट, म्हणजे ठरलेला डाव, सांगतो आणि घड्याळात 8 उरले असताना स्क्रीन (बचावपटूच्या वाटेत सहकाऱ्याने आडवं उभं राहणं) मागवतो. मग पहिला डाव फसला की दुसऱ्याला वेळच नसतो आणि कुणीतरी नाइलाजाने लांबून बॉल फेकतो. 15 ते 16 सेकंद शिल्लक असतानाच पहिली हालचाल सुरू झाली पाहिजे. त्यासाठी सेटचं नाव बॉल घेऊन धावतानाच सांगायचं, पलीकडे जाऊन थांबून नाही.

प्रेसविरुद्ध, म्हणजे बचाव पूर्ण कोर्टभर अंगावर येतो तेव्हा, सगळ्यात वाईट जागा म्हणजे अर्धी रेषा ओलांडल्यावर लगेच लागणारा कडेचा कोपरा. तिथे साइडलाइन आणि मागची अर्धी रेषा हेच दोन फुकटचे बचावपटू असतात. खरे दोघे आले की ट्रॅप, म्हणजे कोंडी, पूर्ण. म्हणून कडेने धावायचं नाही, मधल्या भागातून जायचं किंवा मध्ये उभ्या असलेल्या उंच खेळाडूला पास देऊन पुढे पळायचं. एक नियम पुष्कळांना माहीत नसतो: ड्रिबल करत असताना बॉल आणि दोन्ही पाय पलीकडे टेकेपर्यंत तुम्ही पुढच्या कोर्टात गेलेले नसता. एक पाय रेषेवर असताना समोर ट्रॅप दिसला, तर मागे येता येतं. मात्र 8 सेकंदांचं घड्याळ त्या वेळीही चालूच असतं.

आता पिक अँड रोल: सहकारी स्क्रीन लावतो आणि मग वळून रिंगकडे धावतो, म्हणजे रोल करतो. व्यावसायिक सामन्यात गार्डच्या हातून सर्वाधिक घडणारं काम हेच. आपल्या बचावपटूला आधी स्क्रीनच्या उलट दिशेला दोन ड्रिबल ओढायचं. स्क्रीन लावणाऱ्याचे पाय थांबेपर्यंत निघायचं नाही. हलत्या स्क्रीनचा फाउल मोठ्या खेळाडूच्या नावावर लिहिला जातो, पण चूक बहुतेक वेळा घाई करणाऱ्या गार्डचीच असते. निघताना आपला खांदा स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला घासून जाईल इतकं जवळून जायचं. मध्ये फट राहिली की बचावपटू त्यातून निसटतो. स्क्रीननंतर आणखी दोन ड्रिबल घ्यायचे आणि मग वाचायचं. आपला बचावपटू स्क्रीनच्या खालून, म्हणजे रिंगच्या बाजूने, गेला तर थेट तीन गुणांचा शॉट. मोठा बचावपटू रिंगपाशी मागे थांबला तर मधल्या अंतरावरून शॉट किंवा फ्लोटर (उंच, हलकेच उडवलेला शॉट). दोघे अंगावर आले तर एक-दोन ड्रिबल मागे सरून रोल करणाऱ्याला पास. त्यांनी माणसं बदलली तर बॉल बाहेर घेऊन त्या मोठ्या बचावपटूला एकटं गाठायचं. यातली घातक चूक एकच, दोघे अंगावर येताच ड्रिबल थांबवून बॉल डोक्यावर धरणं. एकदा ड्रिबल संपला की समोरच्याला तुमची भीती राहत नाही, आणि 5 सेकंदांत बॉल सोडला नाही तर तो त्यांचा.

नजर कुठे ठेवायची? रोल करणाऱ्याकडे ती आपोआप जाते. शिकावं लागतं ते पलीकडच्या कोपऱ्यातल्या बचावपटूकडे पाहायला. मदतीला तोच धावतो आणि तो हलला की त्याच्या मागचा आपला शूटर मोकळा होतो.

सराव रोज दीड तास पुरतो, पण त्याची वाटणी नीट हवी. 20 मिनिटं बॉल हँडलिंग, त्यात डाव्या हाताला दुप्पट वेळ (डावखुऱ्यांनी उलट). 30 मिनिटं दोन बचावपटूंविरुद्ध पूर्ण कोर्टभर, कुणीतरी मोठ्याने 8 सेकंद मोजत असताना. मग 150 ते 200 शॉट, त्यातले बहुतेक ड्रिबलनंतरचे. शेवटी, दमलेले असताना, 50 फ्री थ्रो. कारण अटीतटीच्या शेवटच्या मिनिटात फाउल होतो तो बॉल हातात असलेल्या गार्डवरच. सामन्यानंतर वहीत दोन आकडे लिहायचे, असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असा पास) आणि टर्नओव्हर (समोरच्यांना गमावलेला बॉल). तीनास एक हे प्रमाण चांगलं, दोनास एक चालण्यासारखं, त्याखाली बॉल दुसऱ्याच्या हाती देणं बरं. टर्नओव्हर कशामुळे झाला हेही लिहा. ‘उशिरा पास’ हेच कारण वहीत वारंवार दिसू लागेल.

आपल्याकडचे बरेच कोर्ट सिमेंटचे, उघड्यावरचे. नागपाड्यासारख्या मुंबईच्या जुन्या बास्केटबॉल वस्तीतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू आले, तेही अशाच मैदानांवर. पण सिमेंट गुडघ्यांना मारतं आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं. घोटा मुरगळणं ही या खेळातली नेहमीची दुखापत. रोज एका पायावर, डोळे मिटून, 30 सेकंदांच्या तीन फेऱ्या केल्या तर धोका कमी होतो. मोठ्या स्पर्धा लाकडी कोर्टवर होतात, तेव्हा आधी दोन-तीन सत्रं तिथे मिळवा. पायांची पकड वेगळी लागते.

कमाईबद्दल स्पष्ट सांगायचं तर, भारतात केवळ लीगच्या पैशांवर घर चालवणारे फार थोडे. शालेय, जिल्हा, राज्य, विद्यापीठ आणि मग रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा ठिकाणची नोकरी, हा नेहमीचा रस्ता. भारताचा दीर्घकाळ कर्णधार राहिलेला गार्ड विशेष भृगुवंशी ओएनजीसीकडूनच खेळला आणि 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अॅडलेड संघानेही त्याला करारबद्ध केलं. भरतीत निर्णय प्रमाणपत्रांवर होतो, त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच वर्षी ताब्यात घ्या.

अमेरिकेतल्या कॉलेजचा विचार असेल तर तो नववीतच करावा लागतो. एनसीएएच्या (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या डिव्हिजनला नववी ते बारावीतले 16 ठरावीक अभ्यासविषय मोजले जातात. बारावीनंतर जाग आली तर उपयोग नाही. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, हे एजंट सहसा शेवटी सांगतात. प्रशिक्षकांना निवडक डंकांची चित्रफीत पाठवू नका. दोन पूर्ण सामने, न कापलेले, तुमच्या चुकांसकट पाठवा. गार्ड चुकल्यानंतरच्या हल्ल्यात काय करतो हे त्यांना पाहायचं असतं.

परदेशी क्लबचा करार हाती आला तर आधी तीन गोष्टी शोधा. पगाराच्या तारखा, दुखापतीत पगार चालू राहतो का, आणि वाद झाल्यास तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनलकडे (या खेळाच्या लवादाकडे) नेण्याचं कलम. हे कलम करारात लिहिलेलं नसेल, तर थकलेल्या पगारासाठी त्या देशाच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.