लिमा प्रदर्शनात स्टॉल घेताय? या चुका टाळा

मलेशियातल्या लंकावी बेटावर दर विषम वर्षी सागरी आणि हवाई उद्योगाचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं. सगळे त्याला 'लिमा' म्हणतात. १९९१ पासून ते चालू आहे. २०२१ चं कोविडमुळे रद्द झालं, नंतर २०२३ आणि २०२५ ची झाली. पुणे-नाशिक पट्ट्यातल्या कारखानदारांना त्यात रस वाटण्यासारखं एक ठोस कारण आहे. मलेशियाच्या हवाई दलाने १८ सुखोई-३० एमकेएम विमानं घेतली, आणि त्याच घराण्यातलं सुखोई-३० एमकेआय आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात तयार होतं. ओझरला सुटे भाग, जिग, टेस्ट रिग पुरवणाऱ्याला तिकडे बोलायला विषय आहे. एचएएलने जुलै २०२३ मध्ये क्वालालंपूरला कार्यालयही उघडलं.

अडचण अशी होते की पहिल्यांदा जाणारे बेंगळुरूच्या एरो इंडिया या हवाई प्रदर्शनाचाच हिशेब इथे लावतात. ते भरतं त्या येलहंकाला चाकणहून टेम्पो थेट जातो. राहिलेला बॅनर रात्रीच्या बसने मागवता येतो. लंकावी हे बेट आहे, दुसऱ्या देशात आहे, आणि त्या देशाच्याही मुख्य भूमीपासून तुटलेलं आहे. इथल्या बहुतेक चुका स्टॉलवर होतच नाहीत. त्या तीन-चार महिने आधी, तुमच्या ऑफिसात झालेल्या असतात.

मागच्या वेळचा महिना धरून चालणं

लिमा पूर्वी डिसेंबरात असायचं. २०१३ पासून मार्चमध्ये आलं, २०२३ आणि २०२५ ला मे महिन्यात झालं. डिसेंबर ते मार्च हा लंकावीचा कोरडा काळ. मे म्हणजे तिकडच्या पावसाची सुरुवात. उघड्यावर काही मांडणार असाल तर आच्छादनाचा खर्च अंदाजपत्रकात धराच. मे महिन्यात सिंगापूरला इमडेक्स हे नौदल प्रदर्शनही असतं. २०२५ मध्ये ते ६ ते ८ मे होतं आणि लिमा २० ते २४ मे. एकाच खेपेत दोन्ही उरकायचा मोह चांगला आहे, पण त्याची किंमत कागदपत्रांत मोजावी लागते. ते पुढे येतंच.

चुकीच्या बाजूला स्टॉल घेणं

लिमाच्या जागा दोन. हवाई भाग विमानतळाला लागून असलेल्या महसुरी प्रदर्शन केंद्रात, पाडांग मात्सिरातला. सागरी भाग दक्षिणेला तांजुंग मलाईच्या रिसॉर्ट्स वर्ल्डकडे. दोन्हींत दहाएक किलोमीटरचं अंतर आणि रस्ता चेनांगच्या पर्यटक गर्दीतून. २०१९ ला आपलं तेजस हवाई भागात होतं आणि आयएनएस कदमत जहाज सागरी भागात. भारताचं सगळं एका ठिकाणी दिसेल या समजुतीने गेलेल्यांची चांगलीच वणवण होते.

पंप, व्हॉल्व्ह, जहाजाच्या केबल ट्रे बनवणाऱ्या कंपनीने केवळ स्वस्त मिळाला म्हणून हवाई दालनात स्टॉल घेऊ नये. नौदलाची शिष्टमंडळं धक्क्याकडे असतात, ती तुमच्यासाठी विमानतळापर्यंत येणार नाहीत. दोन्हीकडे भेटी असतील तर एका अर्ध्या दिवसात एकच बाजू ठेवा.

कार्नेटचा निष्काळजीपणा

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

नमुने दाखवून परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याची कस्टम्सची वही, काढतात. भारतात ते फिक्की या उद्योग महासंघाकडून मिळतं. जास्तीत जास्त वर्षभर चालतं आणि तेवढ्या काळात आयात शुल्क भरावं लागत नाही. 'लंकावी तर ड्युटी फ्री बेट आहे, कार्नेट कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. बेट करमुक्त आहे हे खरं, १९८७ पासून आहे. पण तुमचा क्रेट मलेशियात शिरतो तो बहुधा क्वालालंपूरच्या विमानतळावर किंवा पोर्ट क्लांगला, आणि पुढे रस्त्याने व फेरीने जातो. बेटावर पोचण्याआधीच तो कस्टम्सच्या हातात असतो. परतीलाही तेच.

कार्नेटची वही उघडून बघा. पिवळी पानं भारतातून बाहेर जाण्याची आणि परत येण्याची, पांढरी समोरच्या देशात शिरण्याची आणि तिथून निघण्याची, निळी मधल्या देशातून नुसतं जाण्याची. प्रत्येक पानाचा एक भाग अधिकारी फाडून ठेवून घेतो आणि वहीत स्थळप्रत उरते. त्या स्थळप्रतीवर शिक्का, सही आणि तारीख आहे का, हे खिडकीसमोरून हलण्याआधी पाहायचं. मागे रांग वाढली तरी पाहायचं. पांढऱ्या परतीच्या पानावर शिक्का नसेल, तर तुमची मशीन पुण्याला परत येऊन शेडमध्ये उभी असली तरी मलेशियाच्या लेखी ती तिथेच विकली गेली. मग शुल्काची मागणी येते, वर दहा टक्क्यांपर्यंत दंड, आणि फिक्कीकडे दिलेली हमी अडकते.

आणखी एक बारकावा. कार्नेट वर्षाचं असलं तरी आत शिरताना तिथला अधिकारी माल परत नेण्याची स्वतंत्र तारीख लिहू शकतो, आणि ती कमी दिवसांची असू शकते. ती हस्ताक्षरात, एका छोट्या रकान्यात असते. तीच तुमची खरी मुदत.

यादी एकदा मंजूर झाली की त्यात नवी वस्तू घालता येत नाही. शेवटच्या क्षणी साहेबांनी 'तो नवा सेन्सरपण घ्या' म्हटलं तरी तो त्या वहीत जाणार नाही. वस्तूवरचा अनुक्रमांक आणि यादीतला अनुक्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. माहितीपत्रकं, वाटायच्या पेनड्राइव्ह, मिठाई या परत न येणाऱ्या गोष्टी कार्नेटमध्ये घालू नका, त्यांचं वेगळं बिल करा. आणि सिंगापूर-लंकावी जोडून करणार असाल तर दोन्ही देशांच्या पांढऱ्या पानांचे जोड अर्ज करतानाच मागा.

प्रदर्शन शनिवारी संपतं, आणि लंकावी ज्या केदाह राज्यात आहे तिथे सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. रविवारी केदाह कामावर येतं तेव्हा क्वालालंपूरचा एजंट आणि तुमचं मुंबईचं ऑफिस दोन्ही बंद. परतीच्या शिक्क्यासाठी कोण, कुठे, किती वाजता हजर असेल हे आयोजकांच्या मालवाहतूकदाराकडून आधीच लेखी घ्या.

'नुसतं दाखवायलाच तर नेतोय'

हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. संरक्षणाशी संबंधित माल, उपकरण, सॉफ्टवेअर आणि तांत्रिक माहिती भारतातून बाहेर नेण्यावर स्कोमेट या सरकारी निर्यात-नियंत्रण यादीचं नियंत्रण आहे. माल विकायचा नसला, आठवड्याने परत आणायचा असला, तरी तो निर्यातच धरला जातो. यादीतल्या सहाव्या गटासाठी, म्हणजे लष्करी सामग्रीसाठी, परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. पाचवा गट हवाई व अवकाश सामग्रीचा आणि आठव्या गटात नॅव्हिगेशन, सागरी उपकरणं, विमानाची इंजिनं असे उपगट आहेत; ते डीजीएफटीकडे, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाकडे.

लोक यंत्राचा विचार करतात आणि लॅपटॉप विसरतात. ब्रोशर छापायला हरकत नसते, पण मापांच्या टॉलरन्ससह असलेलं संपूर्ण ड्रॉइंग पडद्यावर उघडून समोरच्याला समजावणं हा वेगळा मामला आहे. प्रदर्शनाला नेणारा लॅपटॉप वेगळा ठेवा, त्यात फक्त दाखवण्यापुरतं ठेवा. आणि ग्राहकासाठी बनवलेला भाग असेल तर त्या ग्राहकाची लेखी परवानगी. एचएएलचा पार्ट नंबर कोरलेला तुकडा टेबलावर मांडून बसणं शहाणपणाचं नाही. वर्गीकरणाबद्दल शंका असेल तर डिसेंबरातच विचारा. प्रदर्शनाला तीन आठवडे उरले असताना केलेल्या अर्जाला कोणी वाली नसतो.

स्टॉलवरच ऑर्डर मिळेल ही आशा

२०२३ च्या लिमामध्ये मलेशियाने दक्षिण कोरियाच्या १८ एफए-५० विमानांच्या करारावर सही केली, सुमारे ९२ कोटी डॉलरचा करार. आपलं तेजसही त्या स्पर्धेत होतं. पण निविदा निघाली २०२१ मध्ये आणि निवड जाहीर झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. मे महिन्यात लंकावीला झाला तो सोहळा. मोठ्यांचं हे असं, तर आपलं काय! लहान कंपनीने लिमाला जायचं ते माणसं हेरायला: देखभाल करणाऱ्या स्थानिक कंपन्या, आणि सरकारी खरेदीसाठी मलेशियाच्या अर्थ मंत्रालयाकडे नोंदणी असलेले भागीदार.

भागीदार मात्र पहिल्या चहावर पक्का करू नका. तिथे लिटोरल कॉम्बॅट शिप नावाचा सहा जहाजांचा प्रकल्प अब्जावधी रिंगिट देऊनही एकही जहाज न मिळता रखडला, आणि २०२२ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने त्याची लक्तरं बाहेर काढली. जून २०२० पासून तिथल्या कायद्यात कंपनीचा माणूस लाच देताना सापडला तर कंपनीही आरोपी होते. तेव्हा 'साहेबांसाठी छोटीशी भेट' घेऊन जाण्याची आपली सवय घरी ठेवा. महागड्या घड्याळापेक्षा चांगलं छापलेलं माहितीपत्रक बरं.

समोरच्याच्या कार्डावर दातुक किंवा तान श्री असेल तर त्याच बिरुदाने हाक मारा, नुसत्या नावाने नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत भेट मागू नका. तसेही शेवटचे दोन दिवस सर्वसामान्य लोकांच्या गर्दीचे असतात, कामाच्या भेटी पहिल्या तीन दिवसांतच घ्या.

किरकोळ, पण घात करणाऱ्या गोष्टी

मलेशियात चौकोनी तीन पिनांचं सॉकेट असतं, आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही. अडॅप्टर पुण्यातूनच मूठभर न्या.

लंकावी विमानतळाला धावपट्टी एकच, आणि हवाई कसरती तिच्याच भोवती. त्या वेळेत प्रवासी विमानांची वेळापत्रकं हलतात, तेव्हा उद्घाटनाच्या सकाळी उतरायचा बेत करू नका. कसरतींचा कार्यक्रमही दगडावरची रेघ नव्हे. मार्च २०१५ मध्ये प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी सराव करताना इंडोनेशियाच्या ज्युपिटर पथकाची दोन विमानं हवेत आदळली. चारही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. पाहुण्यांना 'अमुक वाजता अमुक विमान दाखवतो' असा शब्द देऊ नका.

ड्रोन बनवणाऱ्यांनो, आयोजकांच्या परवानगीशिवाय हॉटेलच्या गच्चीवरूनसुद्धा उडवून दाखवू नका. भारतीयांना सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण डिजिटल आगमन पत्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावंच लागतं. स्टॉल उभारायला सुतार-इलेक्ट्रिशियन इथून नेणार असाल तर त्यांना भेटीवर आलेला पाहुणा समजत नाहीत, त्यांच्या पासची चौकशी वेगळी करा. खोल्या स्टॉलच्या पैशांबरोबरच बुक करा. कुआह गावात चेनांगपेक्षा स्वस्त पडतं, पण रोजची ये-जा वाढते.

परत आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक कामाच्या कार्डाला पत्र जायला हवं, आणि त्यात पुढच्या भेटीची जागा असावी. पुढचं लिमा दोन वर्षांनी. मधल्या सम वर्षी क्वालालंपूरला डीएसए हे संरक्षण प्रदर्शन असतं. तिथे स्टॉल घेतला नाही तरी चालेल, दोन दिवस जाऊन याच माणसांना पुन्हा भेटून या.