खाऱ्या सरोवरावरील पाणपक्ष्यांच्या स्थलांतराची नोंद कशी ठेवावी

खाऱ्या सरोवरावर पक्ष्यांसोबत पाण्याचीही नोंद ठेवली नाही, तर वर्षाअखेरीस आकडे हाती उरतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. समुद्राच्या पाण्यात लीटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्या कितीतरी पट खारे पाणी माशांना सोसत नाही. तिथे आर्टेमिया ही इवलीशी कोळंबी आणि क्षारमाशीच्या अळ्या बेसुमार वाढतात व त्यांच्यासाठीच पक्षी येतात. क्षार आणखी वाढले, तर मात्र हे खाद्यही घटते.

प्रथम काठावरील तीन-चार जागा कायमच्या ठरवाव्यात. गोड्या पाण्याचा ओढा जिथे सरोवराला मिळतो, ती जागा त्यांत हवीच, कारण पिण्यासाठी आणि अंग धुण्यासाठी अनेक पक्षी तिथे जमतात. दर पंधरवड्याला, स्थलांतराच्या ऐन दिवसांत दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी आणि सूर्य पाठीशी ठेवून मोजणी करावी. काठाशी रोवलेल्या पट्टीवरून पाण्याची पातळी आणि रिफ्रॅक्टोमीटर या पाण्यातील क्षार मोजणाऱ्या उपकरणावर क्षारता त्याच वेळी टिपावी. पक्षी नसल्यास रकाना कोरा न सोडता शून्य लिहावे.

मोठा थवा असेल, तर आधी पन्नास पक्षी एकेक करून मोजावेत आणि तेवढा तुकडा डोळ्यांत बसला की त्याच मापाने उरलेला थवा मोजत जावे. रोहितांसाठीचे (फ्लेमिंगोंसाठीचे) माप टिलव्यांना, म्हणजे काठावर चरणाऱ्या छोट्या चिखलपक्ष्यांना, लावू नये. टिलवे फार दाटीने बसतात.

आता प्रत्येक जातीच्या संख्येचा तारखेनुसार आलेख काढावा. वर्षातून दोनदा उंच शिखर दिसल्यास तो पक्षी बहुधा वाटसरू असतो, तर हिवाळाभर संख्या टिकून राहिल्यास मुक्कामी पाहुणा. तरीही स्थिर आकडा फसवू शकतो, कारण जुने पक्षी निघून तेवढेच नवे आलेले असू शकतात. म्हणून वयही नोंदवावे: उत्तर गोलार्धात अनेक चिखलपक्ष्यांचे प्रौढ जुलैपासूनच परतू लागतात आणि पिसांना फिकट, रेखीव कडा असलेली त्या वर्षीची पिल्ले मागाहून येतात.

काळ्या मानेच्या पाणडुबीची तऱ्हा तर न्यारीच आहे. कॅलिफोर्नियातील मोनो लेकवर ती शरद ऋतूत कोळंबी खाऊन वजन जवळपास दुप्पट करते. त्या काळात तिचे उड्डाणाचे स्नायू इतके आक्रसतात की तिला उडताच येत नाही. निघण्यापूर्वी ती खाणे घटवून स्नायू पुन्हा कमावते. त्यामुळे तिच्या आलेखातील लांबलचक सपाटी ही पुढच्या प्रवासाची बेगमी असते.

संख्या एकाएकी घसरली, तर पक्षी निघून गेले असे लगेच मानू नये. राजस्थानातील सांभर सरोवरावर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बोट्युलिझममुळे, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या लकव्यासारख्या रोगामुळे, हजारो पक्षी दगावले. मेलेले, मान टाकलेले किंवा पंख उचलू न शकणारे पक्षी दिसल्यास त्यांना हात न लावता वेगळ्या रकान्यात मोजावे आणि त्याच दिवशी वन विभागाला कळवावे.