रेस कारला ड्राय संप बसवताना : सुरुवात टाकीपासून करा

नाशिकमध्ये गाडी तयार करून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या करी ट्रॅकवर पळवायची, तर लांब वळणात ऑइल प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवा. बाजूचा जोर १ जी (गुरुत्वाकर्षणाइतका) झाला की इंजिनखालच्या चेंबरमधलं ऑइल ४५ अंशांनी कलतं, सक्शनचं तोंड उघडं पडतं आणि बेअरिंगला हवा जाते. ड्राय संपमध्ये ऑइल चेंबरमध्ये साठवतच नाहीत, ओढून वेगळ्या टाकीत नेतात.

आधी तुमच्या क्लासच्या नियमांत हे चालतं का बघा. चालत नसेल तर चेंबरला बॅफल (ऑइल एकीकडे पळू न देणारे आडपत्रे) लावून भागवा, पैसेही वाचतील.

बहुतेक जण पंप निवडायला बसतात. मी आधी टाकी आखेन. फिरता क्रँक ऑइल ताकासारखं घुसळतो, त्यामुळे चेंबरमधून येतो तो फेस. म्हणून टाकी उंच, अरुंद, गोल हवी. ऑइल वरून, भिंतीला लागून आत सोडा. गरगरत उतरताना ते भिंतीकडे राहतं आणि हवा मधोमध सुटते. मध्ये भोकं पाडलेली बॅफल, तळाशी मधोमध आउटलेट, वर फेसासाठी मोकळी जागा, तिथूनच ब्रीदर (हवा बाहेर सोडणारी नळी) कॅच टँकला, म्हणजे तिच्यातून आलेलं ऑइल धरणाऱ्या डब्याला. टाकी आणि उथळ चेंबर अंबड-सातपूरकडे चांगल्या टिग वेल्डरकडून करून घ्या आणि आतून नीट धुवा.

पंप मात्र विकतच घ्या. चार सिलिंडरला दोन-तीन स्कॅव्हेंज स्टेज (चेंबरमधून ऑइल ओढणारे पंपाचे भाग) आणि एक प्रेशर स्टेज (टाकीतलं ऑइल दाबाने इंजिनला देणारा). ओढण्याची क्षमता दाबाच्या स्टेजपेक्षा बरीच जास्त लागते, कारण हवाही ओढायची असते. दात्यांच्या बेल्टवर पंप क्रँकच्या साधारण निम्म्या वेगाने फिरवतात. प्रत्येक स्कॅव्हेंज लाइनला जाळी हवीच.

टाकी ते पंप हा होज सगळ्यांत जाड, आखूड, तीव्र वळण नसलेला. पुढे कूलर, मग फिल्टर, मग इंजिन. कूलरमधून सुटलेला कचरा फिल्टरमध्ये अडकतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी बेल्ट काढून ड्रिलने पंप फिरवा, गेजवर प्रेशर दिसू द्या. ऑइलची पातळी इंजिन गरम असताना, आयडलवर मोजा. उभ्या गाडीत ऑइल टाकीतून हळूहळू चेंबरमध्ये उतरतं, तेव्हा कमी दिसलं म्हणून वर ओतलं तर पहिल्याच लॅपला ते ब्रीदरमधून बाहेर येईल.