जुने आठ मिलिमीटर रीळ व्हिडिओवर घेण्यापूर्वी

ट्रंकेत आठ मिलिमीटरचे रीळ सापडले, तर ते उत्साहाच्या भरात लगेच प्रोजेक्टरवर चढवू नये. आधी डबा उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस दर्प आला, तर ॲसिटेट या प्लॅस्टिकची फीत विघटित होऊ लागली आहे असे समजून ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवावे आणि सर्वांत आधी स्कॅनिंगला द्यावे, कारण आकसलेल्या फितीची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांत नीट बसत नाहीत आणि ती फाटते.

मग छिद्रे पाहावीत. छिद्र दोन चौकटींमधल्या रेषेवर असेल तर फीत साधी 8. लहान आणि चौकटीच्या मध्यासमोर असेल, तर कोडॅकने 1965 मध्ये आणलेली सुपर 8. साधी फीत बहुधा सेकंदाला 16 आणि सुपर 8 बहुधा 18 चौकटींनी चित्रित केलेली असते; ती व्हिडिओच्या 25 चौकटींच्या वेगाने चालवली, की पंगतीत वाढणारे आजोबा धावत सुटल्यासारखे दिसतात. म्हणून प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे टिपून मूळ वेगाने जोडलेली फाइलच मागावी. पडद्यावरचे चित्र कॅमेऱ्याने टिपणे स्वस्त खरे, पण त्यात लुकलुक येते. प्रोजेक्टरचे शटर, म्हणजे प्रकाश अडवणारी फिरती चकती, तीन पात्यांचे असेल आणि वेग बदलता येत असेल, तर तो सेकंदाला सुमारे 16.67 चौकटींवर ठेवल्यास सेकंदाला 50 झाकोळ पडतात, आणि 25 चौकटींच्या कॅमेऱ्याशी मेळ बसतो.

न धुतलेले, म्हणजे रसायनांनी चित्र न उमटवलेले, कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फितीचे रीळ मिळाल्यास रंगांची आशा सोडावी. त्याचे रंग धुलाईतच भरले जात, आणि ती धुलाई 2010 नंतर बंद पडली. आता निघालेच तर कृष्णधवल चित्र निघते.