कडधान्याचं वाण घेण्याआधी फुलोऱ्याची तारीख काढा

हरभरा हिरवागार, फांद्या भरपूर, फुलंही लागलेली. आठवड्याने बघावं तर घाटे मोजकेच, आणि त्यातले निम्मे बोटांनी दाबले की चपटे लागतात. मग पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, घाटेअळीने खाल्लं असे तर्क सुरू होतात. घाट्याला भोक नसेल तर अळीला दोष देऊ नका. फुलोरा उन्हात सापडला का, ते आधी तपासा.

फुलोऱ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की हरभऱ्याचे परागकण आधी निकामी होतात. स्त्रीकेसर त्या मानाने तग धरतो. पण हरभऱ्याचं परागीकरण कळी उमलण्याआधी आतल्या आतच उरकतं, त्यामुळे शेजारच्या झाडाचा चांगला पराग असूनही उपयोग नाही. म्हणून वाण निवडताना पिशवीवरच्या उताऱ्याच्या आकड्याआधी ‘किती दिवसांत फुलतं’ हे विचारा. पक्व व्हायला किती दिवस, हा वेगळा आकडा. त्यात गल्लत करू नका.

आपल्या भागातल्या मागच्या आठ-दहा वर्षांच्या तापमानाच्या नोंदी काढा. समजा, १ मार्चच्या सुमारास पारा ३५ ला टेकतो. फुलं येऊन घाटे धरायला महिनाभर द्या, म्हणजे फुलोरा जानेवारीअखेर सुरू व्हायला हवा. ४५ दिवसांत फुलणारं वाण डिसेंबरच्या मध्यापर्यंत पेरलं तरी चालेल. ६५ दिवसांचं असेल तर पेरणी नोव्हेंबरातच उरकायला हवी. अति घाईही नको. दिवस-रात्रीची सरासरी १५ अंशांखाली असेल तर हरभरा फुलतो, पण घाटे धरत नाही.

लवकर फुलणारं वाण उष्णता टाळतं, सोसत नाही. पेरणी लांबणारच असेल तर सोसणारं वाण हवं. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या आयसीसीव्ही ९२९४४ या वाणाची त्यासाठीच ओळख आहे. भारतात ते जेजी-१४ आणि म्यानमारमध्ये येझिन-६ या नावाने प्रसारित झालं. मात्र मर रोगाला प्रतिकारक आहे का, हेही विचारा. ऊन सोसून मर रोगाने गेलेलं पीक काय कामाचं?

चवळीची गोष्ट निराळी. ती दिवसाचं ऊन हसत झेलते, अडते ती उकाड्याच्या रात्रींना. फूल उमलण्याच्या आठवडाभर आधी, पराग तयार होत असताना, रात्री तापलेल्या असल्या तर नुकसान तेव्हाच होऊन जातं. फूल दिसतं तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे नोंदवहीत किमान तापमानही लिहा. राजमा तर दोन्हीकडून नाजूक. त्याच्यासाठी कोलंबियातल्या ‘सियाट’ या संशोधन संस्थेच्या पैदासकारांनी वाळवंटी टेपरी घेवड्याशी संकर करून उष्णता सोसणाऱ्या पैदास-ओळी (वाणाच्या आधीची पायरी) तयार केल्या. सगळीच कसरत नको असेल, तर मटकीचा विचार जरूर करा. तिला कमी लेखण्याची आपली सवयच आहे.

सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका. लवकर फुलणारं वाण थंड, लांबलेल्या हंगामात मागे पडतं, आणि हंगाम कसा जाईल ते पेरताना कळत नसतं.

‘उष्णता सहनशील’ हा शिक्का स्वतः पारखून घ्या. बांधाकडेला दोन-तीन वाणांचे छोटे वाफे नेहमीपेक्षा तीन आठवडे उशिरा पेरा, म्हणजे फुलोरा मुद्दाम उन्हात सापडेल. प्रत्येक वाफ्यात एकाच दिवशी उमललेल्या वीस फुलांच्या देठांना रंगीत दोरा सैल बांधा. घट्ट बांधलात तर देठ तुटेल आणि दोष वाणावर जाईल. दहा-बारा दिवसांनी मोजा: किती दोऱ्यांवर घाटा आहे आणि किती नुसतेच खाली पडलेत. राहिलेले घाटे फोडून आत दाणा धरलाय का, तेही बघा. त्या वाफ्यांना पाणी मात्र सारखंच द्या, नाहीतर उन्हाची परीक्षा घेताना तहानेचीच घेऊन बसाल.