हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर पक्षी बघायला कसं निघावं, आणि कोणाबरोबर

पहिलं काम जोडीदार शोधायचं, आणि तो शक्यतो घरचा नको. बायको, मुलगा, मेहुणा बरोबर असले की दर दहा पावलांना "दम लागतोय का?" सुरू. जन्मभर एसटी हाकलेल्या माणसाला ते सोसत नाही.

मला मिळाला तो समोरच्या खोलीत भाड्याने राहणारा कॉलेजचा पोरगा. कानात बाळी, निम्मे केस निळे, सोसायटीत कोणालाच न आवडणारा. मी गच्चीवर डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या मारायचो आणि तो दुर्बीण लावून उभा असायचा. ती कोणाच्या खिडकीकडे नाही ना, हे मी आधी बघून घेतलं. मग एकदा म्हणाला, "काका, उंबरावर तांबट बघा." ते टुक-टुक इतकी वर्षं ऐकत आलो होतो, पण पक्षी पहिल्यांदा दिसला तो तेव्हा.

जोडीदाराला तब्येतीचं सगळं एकदाच सांगायचं. छातीत दुखलं तर मी तिथेच बसणार. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी वरच्या खिशात आहे. त्याने थांबलं नाही तर सरळ दवाखाना गाठायचा. त्यानंतर विषय बंद. आमच्या पोराने तो पुन्हा काढला नाही, म्हणून तर आमचं जमलं.

शस्त्रक्रियेत कापलेलं छातीचं हाड सांधायला साधारण तीन महिने लागतात. तोवर वजन उचलायचं नाही, कोणी दंडाला धरून ओढू द्यायचं नाही आणि मोटारसायकलच्या मागे बसायचं नाही. या काळात गच्ची, अंगण, जवळची बाग. दयाळ, शिंजीर, भारद्वाज तिथेच भेटतात. चालताना बोलता येत असेल तर वेग बरोबर. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं.

दुर्बीण ८ बाय ४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. दहापटीची हातात जास्त थरथरते. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा बरा, टाक्यांवर आदळत नाही.

डॉक्टर हो म्हणाले की हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरजवळ, नदीकाठचं कवडीपाट. हिवाळ्यात चक्रवाक, शेकाट्या. नदीला वास येतो, पण पक्ष्यांची तक्रार दिसत नाही. थंडीत पहाटे निघायची हौस नको. गार हवेत हृदयावर ताण वाढतो. उन्हं वर आल्यावर जा, मफलर घ्या.

मग भिगवण. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. या रस्त्याने किती गाड्या नेल्या, पण उजनी धरणाच्या पाण्याकडे मान वळवली नव्हती. ड्रायव्हरने वळवूही नये. पाणी उतरून उथळ झालं की, साधारण जानेवारी ते मार्च, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. चोच उलटी करून चिखल गाळत खातात. कुंभारगावला नाव मिळते. नावेत उतरताना पोराच्या खांद्यावर आपण हात ठेवायचा, त्याने आपल्याला खेचायचं नाही. बायपाससाठी पायाची शीर काढली असेल तर बसल्यावर तो पाय समोरच्या फळीवर घ्या, लोंबता ठेवला की सुजतो.

जेवायला तिथली मच्छी. पथ्य असेल तर कमी तेल-मिठात भाजून मागा आणि जेवणावर लगेच चालू नका. नावेचं भाडं, जेवण सगळं निम्मं-निम्मं. विद्यार्थी आहे म्हणून पाकीट आपणच काढायला गेलात, तर पुढच्या वेळी तो दोस्त म्हणून येणार नाही, सोबतीला आणलेला पोरगा म्हणून येईल.