आठवडे उलटले तरी घसा दुखतोच? मूळ शोधा, मग औषध घ्या

सर्दीबरोबर आलेलं घशाचं दुखणं बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरतं. त्यामागे विषाणू असतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तरी मेडिकल स्टोअरमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणून खायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. ती सोडा. दोन-तीन आठवडे झाले तरी खवखव जात नसेल, तर घशाला रोज नव्याने कोण डिवचतंय ते शोधावं लागतं. हा त्रास बहुतेक वेळा नाकातून, पोटातून, हवेतून किंवा तोंडात धरलेल्या वस्तूतून येतो.

आधी आरशात बघा

मोबाइलचा टॉर्च लावा, चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच दाबा आणि ‘आ’ करा. मागची भिंत बारीक दाण्यांनी खडबडीत दिसली, तर नाकातला स्राव घशात उतरत असण्याची शक्यता मोठी. टॉन्सिलच्या खाचेत पांढरे, वास येणारे खडे अडकलेले असतील, तर टोचल्यासारखं वाटतं; ते काडीने कोरू नका, गुळण्यांनी सुटतात. दह्यासारखा पांढरा थर असेल आणि दम्याचा स्टिरॉइड पंप चालू असेल, तर ती बुरशी असू शकते. डॉक्टरांना दाखवा आणि प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका.

अचानक चढलेला ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला मात्र नाही, असं चित्र शाळकरी मुलात दिसलं तर थांबू नका. हा स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असू शकतो. त्यावरचा उपचार अर्धवट राहिला, तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. इथे अँटिबायोटिक लागतंच. पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनचा कोर्स सहसा 10 दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी तो तोडायचा नाही.

गुळण्या

पेलाभर (250 मिली) कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ. मान मागे करून अर्धा मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. याने सूज आणि चिकटपणा कमी होतो, जंतू मरत नाहीत. चटका बसेल इतकं गरम पाणी घेतलं, तर आधीच सोललेली त्वचा आणखी भाजते, आणि बरेच लोक इथेच चुकतात. दुखणं जास्त असेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल 500 ते 1000 मिग्रॅ घ्यावं, दोन डोसांत किमान 4 तासांचं अंतर ठेवून, 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मध चालतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही.

नाक

सकाळी त्रास जास्त, सारखं खाकरावंसं वाटतं, शिंका येतात. यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणं फार उपयोगी पडतं. उकळून थंड केलेल्या 240 मिली पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालायचा. नळाचं पाणी थेट वापरू नका. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा नेझल स्प्रे दिला असेल, तर मान किंचित खाली झुकवा आणि उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. पूर्ण फरक दिसायला दोन आठवडे लागू शकतात. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांपलीकडे घेतले, तर नाक उलट जास्त चोंदतं.

पोट

रात्री दहाला सावजीचा झणझणीत रस्सा आणि अकराला आडवं, असं असेल तर आम्ल घशापर्यंत चढतं. छातीत जळजळ होईलच असं नाही. कित्येकांना फक्त सकाळी बसलेला आवाज आणि घशात गोळा अडकल्याची भावना असते. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून 15-20 सेंमी उचला. उशांची थप्पी लावली तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची.

हवा

नागपुरात मार्चमध्ये कूलर बाहेर निघतो. मागच्या वर्षीच्या गवतात धूळ आणि बुरशी साठलेली असते, ती पहिल्याच रात्री फुप्फुसात जाते. गवत किंवा वाळा बदला, टाकी घासा, पाणी साचू देऊ नका आणि झोपताना झोत तोंडावर घेऊ नका. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांचा घसा रात्रभर वाळतो, म्हणून आधी नाक मोकळं करा.

खर्रा

याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तासन्‌तास गालात धरला, तर गुळण्यांनी काही होणार नाही. रोज तपासा: आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का? जात नसतील, तिखट लागताच तोंड भाजत असेल, तर गालातली त्वचा आखडू लागली आहे. शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. सोडायला मदत हवी असेल, तर 1800-112-356 हा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक आहे.

केव्हा थांबायचं नाही

थुंकीही गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वासाला आवाज येतो, आवाज दबल्यासारखा येतो: 108 ला फोन करा किंवा थेट अपघात विभागात जा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, मानेत गाठ, एकाच बाजूचं दुखणं कानापर्यंत जाणं, थुंकीत रक्त, वजन उतरणं, यांपैकी काहीही असेल तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीने तपासणी करून घ्या.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. ब्लडप्रेशरची रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल काहींना कोरडा खोकला लावून घसा सोलते, आणि गोळी बदलल्यावर काही आठवड्यांत खोकला जातो. पण ती स्वतःहून बंद करू नका.